सोयाबीनला युरिया टाकण्याआधी मुळावरच्या गाठी फोडून पाहा

मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या रायझोबियम जिवाणूची बीजप्रक्रिया करूनही आपले महिन्याभराचे सोयाबीन पिवळे पडत आहे, तेव्हा जिवाणू खत फुकट गेले असे समजून एकरी एक गोणी युरिया टाकावा काय, असे आपण विचारले आहे. माझा आग्रह एवढाच आहे की, गोणी उघडण्याआधी मुळे पाहावीत.

झाड उपटू नका. उपटल्यावर गाठी तुटून मातीतच राहतात. खुरप्याने वीतभर खोल ढेकळासकट झाड काढा, बादलीतील पाण्यात माती आपोआप सुटू द्या आणि मुख्य मुळावरच्या चार-पाच ठसठशीत गाठी नखाने फोडा. आतला गर गुलाबी किंवा लालसर निघाला, तर जिवाणू कामाला लागले आहेत. तो रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या प्रथिनाचा असतो. हवेत ७८ टक्के नत्र असला, तरी त्याचे अमोनियात रूपांतर करणारे नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायूने निकामी होते, आणि जिवाणूंना श्वसनासाठी तर प्राणवायू लागतोच. लेगहिमोग्लोबिन तो धरून ठेवते आणि बेताबेताने पुरवते. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट असेल, तर तिच्याकडून पिकाला नत्र मिळत नाही.

गाठी गुलाबी असूनही शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर तो बहुधा लोहाचा प्रश्न आहे. आपल्याकडील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तो नेहमी दिसतो आणि युरियाने तो सुटत नाही. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, घेऊन फवारणी करावी. शेतात पाणी साचले असेल, तर आधी चर काढून द्या, कारण गाठींनाही हवा लागते. गाठीच नसतील आणि खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील, तरच वाफशावर, म्हणजे जमिनीत बेताची ओल असताना, युरियाचा बेताचा हप्ता द्यावा. तयार नत्र भरपूर मिळाला की झाड गाठींना साखर पुरवणे कमी करते आणि चालू असलेले कामही मंदावते, म्हणून सरसकट गोणी टाकण्याला माझा विरोध आहे.

गाठी का आल्या नाहीत, हेही तपासा. पहिल्या वर्षी मी बुरशीनाशक आणि संवर्धक, म्हणजे पाकिटातले जिवाणू खत, एकाच घमेल्यात कालवले आणि ते बियाणे दुपारपर्यंत बांधावर उन्हात ठेवले. त्या हंगामात मुळे जवळजवळ कोरी निघाली. बुरशीनाशक आधी चोळावे, कीटकनाशक लावायचे असल्यास त्यानंतर, आणि जिवाणू सर्वांत शेवटी लावावेत. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धक गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे, बियाणे सावलीत गोणपाटावर सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. सोयाबीनचे साल पातळ असते, ते सोलले तर उगवणच बिघडते.

पाकिटावर पिकाचे नाव आणि अंतिम मुदत वाचली होती ना? सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम लागतो. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, तर मूग, उडीद, तूर आणि चवळी यांचा गट निराळा. ॲझोटोबॅक्टर गाठी करत नाही, तो मातीत स्वतंत्र राहतो आणि ज्वारी, गहू, कापूस यांसाठी वापरतात.

याच शेतात रब्बीला हरभरा घेणार असाल, तर सोयाबीनचे उरलेले पाकीट त्याला लावू नका. हरभऱ्याचे ताजे पाकीट आणा आणि पेरणीपर्यंत सावलीत, थंड जागी ठेवा.