विजेतेपदानंतरचा फेब्रुवारी

चि. बाळ,
अ. उ. आ.

तुझी मेल पोचली. नव्या कामावर रुजू झाल्या झाल्या तुला कॉलेजच्या गेल्या वर्षीच्या विजेत्या बेसबॉल संघाचा ‘आदर्श तक्ता’ बनवायला सांगितलाय. कोणाची बॅटिंग किती, कोणत्या पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, वेग किती, कितव्या इनिंगला किती धावा, हे सगळं भिंतीवर लावायचं आणि यंदाच्या पोरांना रोज त्याच्याशी ताडून बघायचं. सुरुवात कुठून करू, असं तू विचारतेस. माझं ऐकशील तर तो तक्ता करू नकोस, निदान त्या रूपात तरी नको. कारण सविस्तर लिहितो. हे पत्र तू आईबाबांनाही वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, म्हणून काही गोष्टी तुला माहीत असूनही सोडवून लिहितोय.

तुमचं कॉलेज छोट्या डिव्हिजनमधलं. मी उदाहरणं मोठ्या डिव्हिजनची घेतो, कारण तिथले आकडे सगळ्यांसमोर आहेत. शिवाय मी राहतो मिसिसिपीत, आणि विजेतेपदानंतरचं वर्ष म्हणजे काय हे या राज्याइतकं लागोपाठ कुणी भोगलेलं नाही.

30 जून 2021. कॉलेज बेसबॉलची राष्ट्रीय अंतिम फेरी जिथं होते त्या ओमाहात स्टार्कव्हिलच्या मिसिसिपी स्टेटनं व्हँडरबिल्टला 9-0 हरवलं. विल बेडनारनं सहा इनिंग एकही हिट दिली नाही, उरलेल्या तीन लँडन सिम्सनं टाकल्या आणि अख्ख्या सामन्यात समोरच्यांना मिळाली एकच हिट. या विद्यापीठाचं कुठल्याही सांघिक खेळातलं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. पुढच्या वर्षी तोच झेंडा, तोच कोच, तेच मैदान, आणि हिशोब 26 जिंकले, 30 हरले. एसईसी या त्यांच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात, 9-21. राष्ट्रीय स्पर्धा राहिली बाजूला, कॉन्फरन्सच्या स्वतःच्या स्पर्धेतही त्यांना जागा मिळाली नाही.

शेजारच्या ऑक्सफर्डमध्ये, म्हणजे ओल मिसच्या (मिसिसिपी विद्यापीठाच्या) गोटात, तेव्हा हसू आवरत नव्हतं. आणि त्याच जूनमध्ये ओल मिस जिंकलं! ओक्लाहोमाविरुद्ध दुसऱ्या सामन्यात आठव्या इनिंगला 2-1 असे मागे होते. एक हिट, मग समोरच्या पिचरच्या दोन वाइल्ड पिच (कॅचरला न अडवता आलेले स्वैर चेंडू), आणि सामना 4-2 असा खिशात. मग 2023 उजाडलं. 25-29. एसईसीत 6-24. शेजाऱ्यांपेक्षाही वाईट पानिपत.

आता इथली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. एप्रिल 2023 मध्ये हे दोघे स्टार्कव्हिलला समोरासमोर आले. लागोपाठचे दोन राष्ट्रीय विजेते, आणि दोघंही तक्त्याच्या तळाशी. त्या शनिवारी मैदानात 16,423 माणसं होती. कॉलेजच्या आवारात झालेल्या बेसबॉल सामन्याला तोवर एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. तळाच्या जागेसाठीची ही झुंज बघायला! इथल्या लोकांना मी कधी नावं ठेवत नाही ते यामुळेच.

तर, असं का होतं? तुला पहिल्याच आठवड्यात एक उत्तर ऐकायला मिळेल, कदाचित कोचच्याच तोंडून: पोरांच्या डोक्यात हवा गेली. भूक संपली. हे उत्तर सगळ्यांना आवडतं, कारण त्यात गोष्ट आहे, शिक्षा आहे, आणि उपायही फुकटातला आहे: जास्त पळवा, जास्त ओरडा. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. हवा जाण्यासाठी डोकं तेच असावं लागतं, आणि इथं डोकीच बदललेली असतात.

मोजून बघ. बेडनारला जुलैच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ खेळाडू निवडतात त्यात, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनं 14 व्या क्रमांकावर उचललं. टॅनर ॲलन, जो त्या वर्षी एसईसीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, तोही गेला. रावडी जॉर्डन गेला. सिम्स उरला. शेवटच्या इनिंगांचा हा हुकमी पिचर पुढच्या वर्षी शुक्रवारच्या, म्हणजे आठवड्याअखेरच्या तीन सामन्यांतल्या पहिल्या, सामन्याची सुरुवात करू लागला, आणि मार्चच्या सुरुवातीलाच त्याचं कोपर गेलं. टॉमी जॉन शस्त्रक्रिया, वर्ष संपलं. ओल मिसची तऱ्हा तीच. टिम एल्को, केव्हिन ग्रॅहम, जस्टिन बेंच गेले; ओमाहात सर्वोत्तम ठरलेला पिचर डिलन डिलुशिया गेला. उरलेला भरवशाचा हात हंटर एलियटचा. पहिल्याच वर्षी अंतिम सामन्याची सुरुवात करणारा पोरगा. 2023 च्या सुरुवातीलाच त्याचाही हात दुखावला, शस्त्रक्रिया झाली, 2024 चं अख्खं वर्ष बाहेर.

दोन्हीकडे एकच क्रम बघ: जे जाणार हे माहीत होतं ते गेले, आणि ज्याच्यावर उरलेला डोलारा होता तो मोडला. आदल्या वर्षी जूनच्या अखेरीपर्यंत खेळल्यामुळे त्यांचे हात गेले, असं मात्र मी म्हणणार नाही. दोन हातांवरून तसं म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं, आणि तू ते करताना दिसलीस तर मी तुला ओळखणार नाही.

बाबांना एवढंच सांग: मुंबईनं 1958-59 पासून 1972-73 पर्यंत सलग 15 वेळा रणजी जिंकली, कारण वाडेकरांसारखा माणूस त्यातली बहुतेक वर्षं संघात होता. इथं चांगला खेळाडू तीन वर्षांत हातचा जातो. तिसरं वर्ष संपलं किंवा वयाची 21 पूर्ण झाली की ड्राफ्ट त्याला नेऊ शकतो, आणि ओमाहा जिंकणाऱ्या संघात नेण्यासारखी पोरं जास्त असतात, हे ओघानंच आलं. त्यात ज्यांना कॉलेजनं शाळेतूनच हेरून ठेवलेलं असतं, त्यांच्यातलेही काही ड्राफ्टमधून थेट व्यावसायिक होतात. 2021 पासून तर एक वर्ष न थांबता दुसऱ्या कॉलेजात खेळता येऊ लागलं, त्यामुळे तुमचा राखीव कॅचर दुसरीकडे पहिला कॅचर होऊन जातो. विजेता संघ ओमाहात घाम गाळत असतो तेव्हा बाकीचे कोच घरी बसून ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, माणसं गोळा करत असतात. हा भाग मला थोडा हास्यास्पद वाटतो, पण नियम तसे आहेत.

दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. तुझा आदर्श तक्ता ज्या संघावरून काढायचा, तो संघ नक्की कोणता? 2022 चं ओल मिसच घे. मार्चमध्ये देशात पहिल्या क्रमांकावर. मग एसईसीत 7-14. प्रेक्षक कोच माइक बियांको यांना घालवा म्हणून ओरडत होते. राष्ट्रीय स्पर्धेसाठी 64 संघ निवडतात; जागा भरत भरत शेवटी उरलेली शेवटची जागा या संघाला मिळाली, तेव्हा त्यांचा हिशोब होता 32-22. तिथून पुढं 11 सामन्यांपैकी 10 जिंकले. आता सांग, आदर्श म्हणून एप्रिलचं ओल मिस लावणार की जूनचं? पोरं तीच होती. निवड समितीतल्या कुणी त्या दिवशी दुसऱ्या संघाचं नाव घेतलं असतं, तर त्या पोरांचा तक्ता आज कुणीच भिंतीवर लावला नसता. ते जिंकले ते खरंच जिंकले. डिलुशियानं आर्कान्सासविरुद्ध टाकलेला पूर्ण सामना मी कितीदाही बघेन. पण 11 सामन्यांचे आकडे हे 11 सामन्यांचेच असतात.

म्हणून कोचकडे जाशील तेव्हा ‘नाही’ म्हणू नकोस. साहेब ते आहेत. त्यांनी मागितलेलं पान तयार ठेव आणि सोबत तुझं पान घेऊन जा. तुझ्या पानावर सगळ्यात वर दोनच आकडे हवेत: गेल्या वर्षी संघानं टाकलेल्या इनिंगांपैकी किती इनिंग टाकणारे हात यंदा परत आलेत, आणि बॅटिंगला आलेल्या खेपांपैकी किती खेपांचे खेळाडू परत आलेत. त्यातही इनिंग आधी. बॅटर बॅटरची जागा थोडीफार भरून काढतो. शुक्रवारचा पिचर गेला की शनिवारचा शुक्रवारी येतो, रविवारचा शनिवारी, आणि रविवारी कोण, हा प्रश्न मेपर्यंत सुटत नाही. मंगळवारच्या सामन्यात त्याच प्रश्नाला आणखी एक फाटा फुटतो.

मग प्रत्येक पिचरची एक ओळ: किती चेंडू टाकले, मध्ये किती दिवस विश्रांती, वेग किती घसरला, चेंडू हातातून सुटण्याची जागा सरकली का. हे रोज भर, कुणी मागो न मागो. काही खटकलं तर थांबू नकोस, त्याच दिवशी ट्रेनरला आधी सांग, मग पिचिंग कोचला. ट्रेनर बहुधा ऐकतो. तू कधी चेंडू टाकला नाहीस हे कुणीतरी ऐकवेलच. तेव्हा वाद घालू नकोस, आकडा पुन्हा एकदा वाच आणि खुर्चीत बसून राहा.

फेब्रुवारीबद्दल खास सांगतो. तुमचे पहिले सामने सोपे असतील आणि बरेच जिंकाल, गावात ‘यंदाही’ सुरू होईल. त्या वाईट वर्षी ओल मिसचा कॉन्फरन्सबाहेरचा हिशोब माहीत आहे? 19-5. त्या 19 विजयांनी त्यांना एसईसीबद्दल काडीचंही सांगितलं नाही. तेव्हा कॉन्फरन्सचे दोन-तीन आठवडे जाईपर्यंत संघाच्या सरासऱ्या कुणाला दाखवू नकोस. विचारलंच तर ‘अजून थोडं आहे’ म्हण. हे उत्तर कंटाळवाणं आहे, पण खरं आहे.

आणि भिंत. तिच्याबद्दल माझा आक्षेप आकड्यांचा नाही. होम सामन्याच्या एखाद्या शनिवारी विजेत्यांना अंगठ्या वाटतील. त्या समारंभात तुमचा जवळजवळ अर्धा संघ टाळ्या वाजवत उभा असेल, कारण गेल्या जूनमध्ये ती पोरं कुणी शाळेत होती, कुणी दुसऱ्या कॉलेजात. तूही तिथेच उभी असशील, अंगठीविना. त्या पोरांना रोज सकाळी कपडे बदलताना गेलेल्यांचे आकडे कशाला दाखवायचे? ज्याची जागा घेतलीय तो आज पगारी खेळाडू आहे आणि त्याच्या नावाची भिंत इथं आहे. अठरा वर्षांच्या पोरानं यातून काय घ्यायचं? हे मात्र कोचला बैठकीत सांगू नकोस, चारचौघांत त्यांना मागं हटता येणार नाही. बसच्या प्रवासात सांग.

घसरल्यावर काय करायचं, यासाठी 2023 ला जिंकलेल्या एलएसयूचं (लुइझियाना स्टेटचं) 2024 बघून ठेव. त्यांचे पॉल स्कीन्स आणि डिलन क्रूझ ड्राफ्टमध्ये पहिले आणि दुसरे गेले होते. एकाच कॉलेजचे दोघे असे जाणं त्याआधी कधी झालं नव्हतं. पुढच्या वर्षी एसईसीत सुरुवात 3-12. तिथून उरलेल्या 15 पैकी 10 जिंकले, कॉन्फरन्सच्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत गेले, राष्ट्रीय स्पर्धेत चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलायनाकडून हरले. विजेतेपदाच्या मापानं ते वर्ष वाया गेलं. मला ते त्यांचे कोच जे जॉन्सन यांच्या चांगल्या कामांपैकी एक वाटतं, आणि 2025 ला ते पुन्हा जिंकले म्हणून वाटतं असं नाही. 3-12 नंतरचे ते 15 सामने तेव्हाही तेवढेच चांगले होते.

लागोपाठ दोनदा जिंकणारेही आहेत, नाही असं नाही. ओरेगन स्टेट 2006 आणि 2007, साउथ कॅरोलायना 2010 आणि 2011. त्यानंतर 2025 पर्यंत कुणालाच जमलं नाही. ओरेगन स्टेट दुसऱ्या वर्षी स्वतःच्या कॉन्फरन्समध्ये 10-14 होती, म्हणजे स्पर्धेत शिरली तीच जेमतेम. साउथ कॅरोलायनाचा डावखुरा पिचर मायकल रॉथ मात्र दोन्ही वर्षं होता, आणि तिसऱ्या वर्षीही, जेव्हा ते अंतिम फेरीत ॲरिझोनाकडून हरले. तुमच्याकडे असा कुणी परत आलाय का, ते तुझ्या पानाच्या पहिल्या दोन आकड्यांतच दिसेल.

फॉल प्रॅक्टिसचे (शरद ऋतूतल्या सरावाचे) आकडे आले की पिचरांचा तक्ता मला पाठव. नावं झाकून पाठव, ती मला नकोत. आणि चेंडूंची मोजणी सरावातली वेगळी, सामन्यातली वेगळी, अशा दोन रकान्यांत ठेव. गेल्या खेपेला तू दोन्ही एकत्र केली होतीस.

तुझा,
काका