सहा महिने आणि उजवीकडून येणारी गाडी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. परवा जर्मनचा वर्ग संपल्यावर जिन्यात तू विचारलंस, "मॅडम, माझं लायसन्स जर्मनीत चालतं ना?" मी "चालतं, पण" एवढं म्हणेपर्यंत तुझी मैत्रीण खाली गाडी काढून हॉर्न वाजवायला लागली होती. त्या 'पण'च्या पुढचं आता सविस्तर लिहिते. फोनवर सांगितलं तर निम्मं विसरशील.

चालतं, पण सहा महिने. हे सहा महिने तू तिथे राहायला गेलीस त्या दिवसापासून मोजायचे. पहिल्यांदा गाडी हातात घेतलीस त्या दिवसापासून नव्हे. बहुतेक मुलं इथेच चुकतात. पहिले चार महिने ट्रेनने जाण्यात जातात, मग कुणाची तरी गाडी मिळते आणि वाटतं, आपलं लायसन्स तर अजून कोरं आहे. पुण्याहून नेलेल्या इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटवर एक वर्षाची मुदत छापलेली असते, त्यामुळे गैरसमज आणखी पक्का होतो. ते परमिट म्हणजे मूळ लायसन्सची परदेशात वाचता येईल अशी प्रत, एवढंच. तिथे राहायला गेलेल्या माणसाला ते सहा महिन्यांच्या पुढे नेत नाही. त्यानंतर तू चाक हातात घेतलंस तर कायद्याच्या लेखी ती विनापरवाना गाडी चालवणं होतं. तो तिथे फौजदारी गुन्हा आहे. दंड होतो किंवा एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. व्हिसावर राहणाऱ्या मुलीने तर या वाटेला जाऊच नये.

परमिट तरीही काढून ने. सारथी पोर्टलवर अर्ज होतो, फी १००० रुपये, पासपोर्ट आणि व्हिसा लागतो. अर्ज करण्याआधी लायसन्सवरच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी ताडून बघ. आपल्याकडे वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण असतं, दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर. फरक असेल तर इथेच दुरुस्त करून घे, तिथल्या खिडकीवर हे समजावत बसायची वेळ येऊ नये. इथला मोबाइल नंबरही चालू ठेव. सारथीचा ओटीपी त्याच्यावरच येतो.

आणि तुझ्या धाकट्या भावाला सांग, "आत्ता लर्निंगवर जातो, दिवाळीच्या सुट्टीत येऊन पक्कं काढतो" असा बेत करू नकोस. लर्निंग लायसन्स तिथे चालत नाही, आणि तिथला रहिवासी झाल्यावर सुट्टीत येऊन काढलेलं लायसन्सही साधारणपणे मानत नाहीत. जायच्या आधीच पक्कं हातात हवं.

आता मुख्य गोष्ट. काही देशांचं लायसन्स जर्मनीत नुसतं बदलून मिळतं. भारत त्या यादीत नाही. म्हणून लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. एक सवलत मात्र आहे: नवशिक्यांना हायवेचे, रात्रीचे असे जे सक्तीचे तास घ्यावे लागतात, ते तुला नाहीत. हव्या तेवढ्याच तासांचे पैसे भर. पण परीक्षेला फारशूलेच्या, म्हणजे तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतूनच बसावं लागतं.

जर्मन लायसन्ससाठी तिथल्या लायसन्स कार्यालयात अर्ज पहिल्याच महिन्यात कर. पत्त्याची नोंदणी झाली की लगेच. डोळ्यांची तपासणी चष्म्याच्या दुकानात होते. प्रथमोपचाराचा कोर्स ४५ मिनिटांच्या नऊ तासिकांचा, बहुतेक ठिकाणी एका दिवसात उरकतो. लायसन्सचं भाषांतर 'आ-डे-आ-त्से' (ADAC) या वाहनचालकांच्या संस्थेकडून करून मिळतं. कार्यालयातून मंजुरी यायला काही आठवडे जातात, म्हणून घाई करायला सांगते. तू ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोचणार म्हणजे मार्च अखेरीस मुदत संपली. डिसेंबरात लेखी, जानेवारीत सराव, फेब्रुवारीत प्रत्यक्ष, असं जमलं तर मधे खंड पडणार नाही. नाहीच जमलं तर परीक्षा नंतरही देता येते, फक्त तोवर गाडी चालवायची नाही.

लेखी परीक्षेत ३० प्रश्न असतात. चुकलेल्या प्रश्नाला प्रश्नाच्या महत्त्वाप्रमाणे दोन ते पाच दोषगुण पडतात आणि दहापर्यंत माफ असतात; पण पाच दोषगुणांचे दोन प्रश्न चुकले तरी नापास. मी जर्मन शिकवते तरीही सांगते, ही परीक्षा इंग्रजीत दे. तिथे तुझी भाषा तपासायची नाहीये. प्रत्यक्ष परीक्षेत मात्र सूचना जर्मनमध्येच येतील, तेव्हा 'रेश्ट्स आबबीगन', म्हणजे उजवीकडे वळा, हे ऐकून हात आपोआप इंडिकेटरवर जायला हवा.

आणि मॅन्युअल गाडीवर दे. ऑटोमॅटिकवर दिलीस तर लायसन्सही ऑटोमॅटिकपुरतंच मिळू शकतं.

माझी पहिली प्रत्यक्ष परीक्षा कशी गेली ते तुला कधी सांगितलं नाही. मी पुण्यात अकरा वर्षं गाडी चालवलेली होती. श्टुटगार्टच्या चढावरच्या एका शांत वस्तीत, ३०च्या वेगाने जात होते. शेजारी शिक्षक, मागच्या सीटवर परीक्षक. पुढे चौक आला, पाटी नाही, सिग्नल नाही, पांढरे पट्टे नाहीत. उजवीकडच्या गल्लीतून एक पांढरी व्हॅन येत होती. मी काय केलं, तर त्या ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघितलं. आपण इथे हेच करतो ना? समोरचा थांबणार की घुसणार हे त्याच्या डोळ्यांत वाचतो, मग आपण ठरवतो. मला वाटलं तो हळू झालाय. मी पुढे काढली. त्याच क्षणी पायाखाली ब्रेक आपोआप खाली गेला. शिक्षकांनी त्यांच्या बाजूचा दाबला होता. शिक्षकाला ब्रेक लावावा लागला की परीक्षा तिथेच संपते. परीक्षक अगदी शांतपणे म्हणाले, "रेश्ट्स फोर लिंक्स." उजवीकडचा आधी. मी गाडी कडेला लावली तेव्हा हात थरथरत होते.

व्हॅनवाला माझ्याकडे बघतही नव्हता, हे नंतर शिक्षकांनी सांगितलं. तो बघणारच नव्हता. त्याचा हक्क आधीचा, म्हणून मी थांबणार हे त्याने धरूनच चाललं होतं. तिथे माणसं एकमेकांच्या नव्हे, नियमाच्या भरवशावर चालतात. तो भरवसा मी मोडला होता.

दुसऱ्या खेपेला पास झाले. मधल्या दिवसांत शिक्षकांनी मला मान वळवायला शिकवलं. दिशा बदलण्याआधी नुसता आरसा पुरत नाही, खांद्यावरून मागे बघायचं, कारण सायकलवाला नेमका आरशात न दिसणाऱ्या जागेत असतो. त्याला ओलांडताना वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर अंतर सोडायचं. गावाच्या नावाची पिवळी पाटी दिसली की वेग ५०, मग आकडा लिहिलेला असो वा नसो. हॉर्न धोका असेल तरच. परीक्षा आता ५५ मिनिटांची आहे, एवढा वेळ जुन्या सवयी दाबून ठेवता येत नाहीत. त्या आधीच सुटलेल्या हव्यात. नाशिक फाट्याच्या लायसन्स-चाचणीच्या ट्रॅकवर आठचा आकडा बिनचूक काढला होतास, गाडी तुला येतेच. शिकायची आहे ती दुसऱ्याला जागा द्यायची पद्धत.

अ‍ॅक्टिव्हाचंही विचारलं होतंस. कारच्या जर्मन लायसन्सवर ११० सीसीची गाडी चालत नाही, त्याचा वर्ग वेगळा. तिचा विषय सध्या सोडून दे.

एक काम आठवणीने कर: लायसन्सच्या दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढून ठेव आणि डिजिलॉकरमध्येही असू दे. जर्मन लायसन्स हातात देताना ते आपलं मूळ कार्ड जमा करून घेतात. लायसन्स मिळाल्याची तारीखही जपून ठेव. नव्या चालकांना तिथे दोन वर्षांचा आजमावणीचा काळ असतो आणि इथे लायसन्स मिळाल्यापासूनचा काळ त्यातून वजा होतो.

उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम आपल्याकडेही आहे बरं का. १९८९च्या रस्ते नियमांत लिहिलेला होता, त्यांच्या जागी आलेल्या २०१७च्या नियमांतही आहे. म्हणून रविवारी सकाळी सात वाजता प्रभात रोडवर ये, गाडी माझी घेऊ. प्रभात रोड आणि भांडारकर रोडच्या मधल्या गल्ल्यांत त्या वेळी गर्दी नसते, आणि बऱ्याच चौकांत पाटीही नाही. प्रत्येक चौकात थांबशील, उजवीकडे बघशील, कुणी असेल तर त्याला जाऊ देशील. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. मी शेजारी बसलेली असेन.

तुझी
मॅडम