ममता खोडून दया

विचारलेलं थोडक्यात असं आहे. रविवारच्या उपासनेत वाचण्यासाठी एका ताईंनी पानभर चिंतन लिहिलं. विषय पावसाचा. त्यातलं एक वाक्य होतं, 'पाऊस पडताना मला देवाची ममता जाणवते.' ज्यांनी मजकूर तपासला त्यांनी 'ममता' खोडून वर 'दया' लिहिलं आणि समासात शेरा मारला: 'ममता आईची असते. देवाची दया.' ताई म्हणतात, दया चुकीची नाही हे कळतं, पण वाक्य माझं राहिलं नाही. तर ख्रिस्ती लेखनात ममता चालते का, आणि दोन्हींत फरक काय? जाताजाता त्यांनी हेही विचारलंय, 'प्रभु' लिहायचं की 'प्रभू'?

चालते का म्हणजे काय, पवित्र शास्त्रातच आहे. गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडा, २२वी आणि २३वी ओवी... ओवी नव्हे, वचनं म्हणू या. आत्म्याच्या फळाची, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे माणसात येणाऱ्या गुणांची, ती यादी आपल्या वापरातल्या मराठी भाषांतरात अशी आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नऊ शब्द, आणि बरोबर मध्ये पाचवी ममता. (फळ मात्र एकच. मूळ ग्रीकमध्येही शब्द एकवचनी आहे, त्यामुळे 'आत्म्याची नऊ फळं' असं सर्रास बोललं जातं ते व्याकरणाला धरून नाही. पण तो वेगळा वाद.) कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात 'करुणायुक्त हृदय, ममता, सौम्यता' ही अंगावर धारण करायला सांगितली आहेत, तिथेही तीच. काही अलीकडच्या भाषांतरांनी गलतीकरांसच्या यादीत 'दयाळूपणा' घेतला आहे. तपासणाऱ्यांच्या कानात कदाचित तो बसला असेल.

आता शब्दाकडे. 'मम' म्हणजे माझं, त्याला 'ता' लागला. ममता म्हणजे शब्दशः माझेपणा. आणि हा माझेपणा संस्कृतातल्या अध्यात्माला मुळीच नको होता. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना 'निर्ममो निरहंकारः' म्हटलंय. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटीही शांती मिळते ती निर्मम माणसालाच. म्हणजे तिथे ममता नसणं हा गुण. आजच्या मराठीत 'निर्मम' म्हणा, निर्दय माणूस डोळ्यांपुढे येतो. 'निर्मम हत्या' असे मथळे आपण वाचतो. त्याच शब्दाचा भाव पार उलटा झाला, कारण मधल्या काळात ममता घरात शिरली. माझं घर, माझं पोर, माझी गाय, यांच्याबद्दल जीव तुटतो तो जो काही आहे त्याला लोक ममता म्हणू लागले, आणि मग ती नसणं म्हणजे क्रौर्यच.

'माया'चंही असंच. वेदान्तात माया म्हणजे भ्रम, आणि आजी नातवाला जवळ घेते तीही माया. माझा सगळ्यात आवडता अर्थ शिंप्याचा आहे. कपडा शिवताना शिवणीच्या आत बोटभर कापड जास्तीचं सोडतात, त्याला माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा होतो. बाहेरून ती दिसत नाही, मापात धरलेली नसते, आणि गरज पडेपर्यंत तिचा उपयोगही नसतो. ताई, पावसावर पानभर लिहिलंत. या बोटभर कापडावर लिहाल तर मी पहिला वाचक.

तर भाषांतरकारांनी ममता घेतली ती ही घरातली. त्यांच्यापुढे ग्रीक शब्द होता 'ख्रेस्तोतेस'. तो 'ख्रेस्तोस' या विशेषणावरून आला. ख्रेस्तोसचा मूळ अर्थ उपयोगी, कामाचा. त्यावरून चांगला, सौम्य, न बोचणारा. लूकच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) पाचव्या अध्यायात जुन्या द्राक्षारसाला हेच विशेषण आहे. मत्तयच्या अकराव्या अध्यायात जुवाला आहे, आणि तिथे मराठीनं जे केलंय ते मला फार आवडतं: 'माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे.' सोयीचे! जू जड असो की हलकं, बैलाच्या खांद्याला ते बसतं केलेलं नसेल तर घासतं, दुपारपर्यंत कातडी सोलते. खांदा पाहून लाकूड तासलं असेल तर तोच बैल तेच काम करतो आणि खांदा शाबूत राहतो. ख्रेस्तोस म्हणजे ते तासणं. समोरच्याचा खांदा बघून आपलं लाकूड कमी करणं. करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या प्रीतीच्या अध्यायात याच कुळातलं क्रियापद आहे, तिथे मराठीत 'परोपकारी' आलं. एका ग्रीक मुळाला मराठीत सोयीचं, परोपकारी, ममता अशी तीन घरं मिळाली. मला विचाराल तर परोपकारी त्यांतलं सगळ्यात कोरडं.

एक गंमत सांगायला हवी. त्या काळच्या ग्रीक बोलण्यात ख्रेस्तोस आणि ख्रिस्तोस (म्हणजे ख्रिस्त) यांचे उच्चार जवळजवळ एक झाले होते. बाहेरचे लोक ख्रिस्ती म्हणण्याऐवजी 'ख्रेस्ती'सारखं काहीतरी म्हणत. सन १९७च्या सुमारास टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकानं आपल्या लोकांची बाजू मांडताना हे धरलं: तुम्हाला आमचं नावही नीट म्हणता येत नाही, आणि चुकीचं म्हणता तेव्हाही त्यातून गोडवा आणि भलेपणाच निघतो. वकिलाला शोभेल असा टोला.

आता पाऊस. इथे ताईंची बाजू नुसती चालण्याजोगी नाही, पक्की आहे. शत्रूवर प्रीती करा हा उपदेश दोन शुभवर्तमानांत आहे. मत्तयमध्ये (५:४५) त्याला आधार म्हणून सूर्य आणि पाऊस येतात: स्वर्गातला पिता वाइटांवर आणि चांगल्यांवर आपला सूर्य उगवतो, नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो. लूकमध्ये (६:३५) त्याच जागी ना सूर्य आहे ना पाऊस. तिथे सरळ म्हटलंय की देव कृतघ्नांशी आणि दुष्टांशीही ख्रेस्तोस आहे. एकाने चित्र दिलं, दुसऱ्याने शब्द. ते चित्र आणि तो शब्द एका वाक्यात बांधले की 'पाऊस पडताना देवाची ममता जाणवते' हेच होतं. ताईंनी ग्रीक न बघता हे लिहिलं असेल तर त्यांच्या कानाला दाद द्यायला हवी.

मत्तयच्या वचनात आणखी एक बारकी गोष्ट आहे. 'आपला सूर्य.' ग्रीकमध्येही 'त्याचा सूर्य' असंच आहे. पावसाला मात्र 'आपला' लावलेलं नाही. सूर्याला आपला म्हणायचं आणि मग तो वाइटाच्या अंगणातही उगवू द्यायचा. माझेपणा आहे, पण मूठ मिटलेली नाही. गीतेला खुपत होती ती मिटलेली मूठ. तुकोबा 'जे का रंजले गांजले, त्यासि म्हणे जो आपुले' म्हणतात तिथेही भर 'आपुले'वर आहे. त्यांना दया दाखवतो जो, असं ते म्हणत नाहीत. आणि लगेच पुढच्या ओळीत देव कुठे ओळखायचा ते येतं: 'देव तेथेचि जाणावा.' 'तेथेचि'तल्या त्या 'चि'सकट.

खोडणाऱ्यांच्या बाजूनं एक भक्कम पुरावा आहे, त्यांनी तो दिला नाही म्हणून मीच देतो. स्तोत्र १३६. सव्वीस वचनं, आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच पालुपद: 'कारण त्याची दया सनातन आहे.' त्या स्तोत्रात आकाश आहे, पाण्यावर पसरलेली पृथ्वी आहे, सूर्य, चंद्र, तारे आहेत, आणि शेवटाकडे सर्व प्राण्यांना अन्न देणं आहे. म्हणजे सृष्टीत देवाची दया पाहणं हेही शास्त्राला धरूनच. तिथला मूळ हिब्रू शब्द 'हेसेद', त्याला ख्रेस्तोतेसपेक्षा वेगळं वजन आहे: करार केला आहे, आता काही झालं तरी सोडणार नाही, अशी निष्ठा त्यात आहे. 'दया' या मराठी शब्दात ती निष्ठा ऐकू येत नाही. ती आणायचं काम 'सनातन'वर पडलं आहे.

कारण बोलताना आपण दया कशी वापरतो बघा. दया येते, दया दाखवतात, दयेची भीक मागतात, कुणाच्या तरी दयेवर जगतात. प्रत्येक वेळी एक वर आणि एक खाली. 'मला तुझी दया नको' असं माणूस ताडकन म्हणतो. 'मला तुझी ममता नको' असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. म्हटलंच तर ते भांडण फार जवळच्यांतलं असेल. दयेला कुणाची तरी दैना लागते, ममतेला लागत नाही. पोर धडधाकट आहे, पोटभर जेवलंय, खेळतंय, तरी त्याच्यावर ममता असते. दया करायला तिथे जागा नाही.

म्हणून निवड वाक्यावर ठरवा. चिंतनात जमीन भेगाळली आहे, सगळे आभाळाकडे बघताहेत आणि मग पाऊस आला, असं असेल तर 'दया' शोभेल. ताईंच्या मजकुरात मात्र त्या खिडकीशी बसल्या आहेत, कुणी काही मागितलेलं नाही, शेजारच्या बंद घराच्या कुंड्याही भिजताहेत एवढंच त्यांना दिसतं. तिथे 'दया' लिहिली की उगाच कुणीतरी संकटात असल्यासारखं वाटतं. ममताच ठेवा.

शेऱ्यातलं दुसरं अर्धं, 'ममता आईची असते', त्यावर फार लिहीत नाही. असतेच. यशया ४९मध्ये आईला तान्ह्याचा विसर पडेल काय असं विचारून देव स्वतःला तिच्याही पलीकडे नेऊन ठेवतो. आईचा शब्द देवाला लावला म्हणून बिघडत नाही.

वापराबद्दल दोन गोष्टी. ममता स्त्रीलिंगी, तिचं अनेकवचन करत नाहीत. 'ममता करणे' आता जुनं वाटतं. 'ममतेनं वागणे', 'ममतेनं विचारणे' छान चालतं. विशेषण हवं असेल तर 'ममताळू' आहे, 'ममतामय' जरा भाषणातलं. आणि तुमच्या मजकुरात पुढे 'निसर्गाच्या माध्यमातून ईश्वरी ममतेचे दर्शन घडते' असं जे वाक्य आहे ते काढून टाका. कुंड्यांनी ते आधीच सांगितलंय.

राहिला 'प्रभु'. १९६२च्या लेखननियमांप्रमाणे तत्सम ऱ्हस्व उकारान्त शब्द मराठीत एकटा आला की शेवटचं अक्षर दीर्घ: प्रभू, गुरू, साधू. त्याआधीच्या छपाईत आणि जुन्या गीतपुस्तकांत 'प्रभु' दिसेल, त्यावर लाल पेन चालवू नका. स्वतः लिहिताना 'प्रभू येशू'. समासात पहिलं पद असेल तर मात्र ऱ्हस्वच राहतं, म्हणून तुमच्या शेवटच्या परिच्छेदातलं 'प्रभूभोजन' तेवढं 'प्रभुभोजन' करा.