वाळूज एमआयडीसीत मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणारा नवा व्हेंडर झालायस, तर आधी हे बघ

कंपनीच्या पोर्टलचा पासवर्ड मिळाला म्हणजे आपण जोडले गेलो, असं समजू नकोस. कोणता माल कधी द्यायचा याचं शेड्यूल तिथं रात्री बदलतं, आपला सुपरवायझर कालची प्रिंट बघून प्रेस (भाग दाबून बनवणारं यंत्र) चालवतो आणि मालात खोट नसतानाही डिलिव्हरी रेटिंग घसरतं. रोज सकाळी पोर्टल उघडणं एकाच माणसाकडे दे. ईआरपीची (स्टॉक, खरेदी, हिशेब एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची) घाई नको. आधी स्टॉकचा आकडा आणि रॅकवरचा माल जुळू दे. (जुळत नाहीच, पैज लाव.) भागांवर मुलामा चढवून देणाऱ्या प्लेटिंगवाल्याला निदान व्हॉट्सॲपवर तरी बदललेलं शेड्यूल कळव, गाडी बहुतेक तिथंच अडते.

आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घे. 2006च्या कायद्यानं सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल, लेखी करारात जास्त मुदत असली तरी, 45 दिवसांत द्यावं लागतं. ग्राहक ट्रेड्सवर (बिलावर मुदतीआधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर) असेल आणि त्यानं बिल मान्य केलं, तर पैसे त्याआधीही मिळतात; व्याज तेवढं कापलं जातं.