मेजर न जिंकता अख्खं वर्ष जिंकता येतं? युरोपियन टूरचा २०११चा हंगाम

तुमचा प्रश्न असा आहे: युरोपातल्या पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फचा हंगाम चालतो कसा, आणि एकही मेजर (वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक) न जिंकलेला खेळाडू वर्षाअखेरीस पहिला कसा ठरतो? नियम सांगत बसण्यापेक्षा एक हंगाम उलगडून सांगतो. मी २०११ निवडतो. इतकं भरलेलं वर्ष मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग जणू त्या वर्षावरूनच विचारलेला आहे. ल्यूक डोनल्ड हे त्याचं उत्तर.

आधी थोडक्यात रचना. स्पर्धा गुरुवारी सुरू होते आणि रविवारी संपते. रोज १८ होल, एकूण चार फेऱ्या. शुक्रवारी संध्याकाळी ‘कट’ लागतो: पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे जेवढे असतील तेवढे पुढे जातात, बाकीचे घरी. घरी जाणाऱ्याला एक पैसाही मिळत नाही. विमानाचं तिकीट, हॉटेल, कॅडीचा (क्लबची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाचा) पगार मात्र त्याच्याच खिशातून जातो. विजेत्याला बक्षिसाच्या एकूण रकमेचा साधारण सहावा हिस्सा मिळतो. वर्षभर कमावलेल्या रकमेची बेरीज म्हणजे तेव्हा हंगामाची यादी असायची. तिला पूर्वी ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ म्हणत, २००९पासून ती ‘रेस टू दुबई’ झाली. यादीतले पहिले ६० डिसेंबरात दुबईला शेवटची स्पर्धा खेळायचे. खालच्या टोकाला शंभर-सव्वाशेच्या आत राहिलात तर पुढच्या वर्षीचं कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क, टिकायचं. ते गेलं, तर तेव्हा स्पेनमध्ये जिरोनाजवळच्या मैदानावर पात्रता स्पर्धेच्या सहा फेऱ्या असायच्या. त्या सहा दिवसांत लोकांची आयुष्यं बदलतात.

आणि नाव तेव्हा युरोपियन टूर असलं तरी हिवाळ्यात युरोपात खेळणार कुठे? म्हणून तो हंगाम आदल्या डिसेंबरातच दक्षिण आफ्रिकेत सुरू झाला, मग आखातात गेला, मग आशियात. २०११च्या जानेवारीत मार्टिन कायमर अबू धाबीला आठ फटक्यांनी, म्हणजे दुसऱ्यापेक्षा आठ फटके कमी घेऊन, जिंकला. फेब्रुवारीत टूर आपल्याकडे, गुडगावच्या डीएलएफ मैदानावर आली आणि अवंथा मास्टर्स एस. एस. पी. चौरासियाने जिंकली. त्याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनची (होलभोवतीच्या बारीक गवताच्या भागाची) देखभाल करणारे कर्मचारी. मुलगा तिथेच, कुणी हात धरून न शिकवता, बघून बघून खेळायला शिकला. लांब फटका त्याचा कधीच नव्हता. ग्रीनच्या आसपास मात्र त्याचा हात असा चालायचा की ‘चिपपटसिया’ हे टोपणनावच पडलं. दिल्लीत २००८ साली इंडियन मास्टर्स जिंकला तेव्हा नशिबाने जिंकला म्हणणारे होते. दुसऱ्यांदा जिंकल्यावर ते बोलणं बंद झालं. मला या विजयाचा मनापासून अभिमान वाटतो.

मे महिन्यात युरोपात हंगामाला खरा रंग चढतो. त्या वर्षी तो दुःखाने सुरू झाला. ७ मे रोजी, बार्सिलोनाजवळ एल प्राटला स्पॅनिश ओपन चालू असताना, सेव्हे बायेस्तेरोस पेद्रेन्याच्या आपल्या घरी वारले. वय ५४, मेंदूचा कर्करोग. समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत एकुलत्या एका तीन नंबरच्या आयर्न क्लबने खेळून मोठा झालेला हा मुलगा तीन ब्रिटिश ओपन आणि दोन मास्टर्स जिंकला. मास्टर्स जिंकणारा तो पहिला युरोपीय, आणि टूरवर ५० विजय, जो आकडा आजही कुणाला गाठता आलेला नाही. पण आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट ही, की १९७२मध्ये उभी राहिलेली ही टूर आधी बऱ्याच अंशी ब्रिटिशांचा कारभार होता; ती सगळ्या युरोप खंडाची झाली ती त्याच्यामुळे. एल प्राटला खेळ थांबवून सगळे स्तब्ध उभे राहिले. मिगेल आंखेल हिमेनेससारखा कणखर माणूस रडला. रविवारी स्पर्धा दक्षिण आफ्रिकेच्या थॉमस एकनने जिंकली आणि तो आनंद साजरा करू शकला नाही. हे समजून घेतल्याशिवाय त्या वर्षीचे पुढचे महिने नीट कळत नाहीत, असं मला वाटतं. त्या उन्हाळ्यात जिथे जावं तिथे सेव्हेचाच विषय होता.

आता डोनल्ड. हा इंग्लंडचा, पण अमेरिकेत शिकलेला आणि शिकागोत राहणारा. ताकदीचा खेळाडू नव्हे; ड्रायव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब फटका, त्याच्यापेक्षा वीस-तीस यार्ड लांब मारणारे त्या वर्षी ढिगाने होते. शंभर यार्डांच्या आत मात्र त्या वर्षी जगात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. फेब्रुवारीत ॲरिझोनात वर्ल्ड मॅच प्ले (एकास एक सामन्यांची स्पर्धा) जिंकताना तो आठवडाभरात एकदाही पिछाडीवर पडला नाही, आणि एकाही सामन्यात त्याला अठरावा होल खेळावा लागला नाही. अंतिम सामन्यात त्याने कायमरला हरवलं. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात कायमर जागतिक क्रमवारीत पहिला झाला.

त्यानंतर डोनल्डला पहिला क्रमांक दोनदा हुलकावणी देऊन गेला. एप्रिलमध्ये अमेरिकेत हेरिटेज स्पर्धेत प्लेऑफमध्ये (बरोबरी सोडवण्यासाठीच्या जादा होलवर) हार, मग मे महिन्यात स्पेनमध्ये व्होल्वो वर्ल्ड मॅच प्लेच्या अंतिम सामन्यात इयन पोल्टरकडून हार. दोन्हींपैकी एक जिंकला असता तरी तो पहिला झाला असता. आणि लगेच पुढच्या आठवड्यात वेंटवर्थ.

वेंटवर्थ हे टूरचं घर, मुख्यालय तिथेच. मी तेव्हा इंग्लंडमध्ये नोकरीला होतो आणि रविवारी अठराव्या होलच्या दोरीपाशी जागा धरून उभा होतो. जगातला पहिला, ली वेस्टवुड, आणि दुसरा, डोनल्ड, सहा अंडरवर (मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा सहा कमी) बरोबरीत सुटले. प्लेऑफ त्याच अठराव्या होलवर, जिथे एर्नी एल्सने केलेल्या बदलांनंतर ग्रीनच्या तोंडाशी पाणी आलं होतं. तिसरा फटका दोघांचाही वेजने, म्हणजे आखूड फटक्याच्या क्लबने. डोनल्डचा चेंडू झेंड्यापासून काही फुटांवर थांबला. वेस्टवुडचा चेंडू ग्रीनवर पडला, उलट फिरला आणि उतारावरून घरंगळत पाण्यात गेला. आमच्या बाजूच्या गर्दीतून जो आवाज आला तो ओरडण्याचा नव्हता, सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतल्याचा होता. डोनल्डने बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) केली, स्पर्धा जिंकली आणि पहिला क्रमांकही घेतला. आधी हुकलेल्या संधींचा काहीही परिणाम त्याच्या हातांवर दिसला नाही. मला तो त्याच वेळी फार मोठा खेळाडू वाटला.

मधल्या उन्हाळ्यात मथळे मात्र उत्तर आयर्लंडच्या नावावर गेले. रोरी मॅकिलरॉयने एप्रिलमध्ये मास्टर्सच्या शेवटच्या दिवशी चार फटक्यांची आघाडी घेऊन सुरुवात केली आणि ८० फटके घेऊन सगळं घालवलं. दहाव्या होलवर त्याचा चेंडू झाडांपलीकडे लाकडी घरांपाशी गेला होता. बावीस वर्षांचा होईपर्यंत त्याने ते पचवलं आणि जूनमध्ये यूएस ओपन सोळा अंडर, आठ फटक्यांनी जिंकली. जुलैत सँडविचच्या रॉयल सेंट जॉर्जेसवर डॅरन क्लार्क ब्रिटिश ओपन जिंकला. वय ४२, क्रमवारीत शंभराच्या बाहेर, पत्नी २००६ साली कर्करोगाने गेलेली, दोन मुलं वाढवणारा बाप. वारा-पावसात त्याने तीन फटक्यांनी फिल मिकलसन आणि डस्टिन जॉन्सन यांना मागे टाकलं. त्या विजयाने न हललेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

आणि डोनल्ड? त्याआधीच्याच रविवारी तो इनव्हरनेसजवळ कॅसल स्टुअर्टला स्कॉटिश ओपन जिंकला होता. पावसाने मैदान वाहून जायची वेळ आली, स्पर्धा ५४ होलची केली, आणि याने शेवटच्या फेरीत ६३ मारले. पुढच्या आठवड्यात सँडविचला त्याचा कट चुकला. वेस्टवुडचाही. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या आठवड्यात शनिवारी-रविवारी जगातले पहिले दोघं खेळतच नव्हते. तुमच्या शंकेचं मूळ इथे आहे, आणि ती शंका रास्त आहे.

पण हंगाम म्हणजे चार मेजर नव्हेत, मधले आठवडेही त्यात आहेत, आणि मला या टूरवर प्रेम आहे ते त्यांच्यासाठीच. फ्रेंच ओपन ४२ वर्षांच्या थॉमस लेव्हेने आपल्याच देशात जिंकली, आनंदाने तळ्यात उडी मारली आणि नडगीचं हाड मोडून घेतलं. ब्रिटिश ओपन हुकली. वीस वर्षांचा हौशी टॉम लुईस सँडविचला टॉम वॉटसनबरोबर खेळताना पहिल्याच फेरीत ६५ मारून बसला. सप्टेंबरात व्यावसायिक झाला आणि ऑक्टोबरात, तिसऱ्याच स्पर्धेत, पोर्तुगाल मास्टर्स जिंकला. सर्जिओ गार्सिया बरीच वर्षं हरवल्यासारखा होता. त्याने ऑक्टोबरात कास्तेयोला ११ फटक्यांनी आणि पुढच्याच आठवड्यात वाल्देरामाला, असे लागोपाठ दोन विजय मिळवले.

आणि थॉमस ब्योर्न. याच सँडविचवर २००३ साली हा डॅनिश खेळाडू ब्रिटिश ओपन जिंकण्याच्या बेतात होता. सोळाव्या होलच्या बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) चेंडू बाहेर काढायला त्याला तीन फटके लागले, दोनदा चेंडू परत त्याच्याच पायाशी आला, आणि स्पर्धा एका फटक्याने गेली. २०११ साली तो तिथे ऐन वेळी दुसऱ्याच्या जागी आत आला, पहिल्या दिवशी टॉम लुईसच्या बरोबरीने आघाडीवर राहिला आणि चौथा आला. ऑगस्टअखेर ग्लेनईगल्सला पाच जणांच्या प्लेऑफमधून जिंकला, तोही पाचव्या जादा होलवर. पुढच्या आठवड्यात आल्प्समध्ये क्राँ-मोंतानाला शेवटच्या फेरीत ६२ मारून पुन्हा जिंकला. मेजर त्याला कधीच मिळाली नाही. पण हे वर्ष कुणी मला पुन्हा पाहायला दिलं, तर मी त्याचे ते दोन आठवडे आधी मागेन.

आता हिशोब. मेजर आणि बहुतेक वर्ल्ड गोल्फ चॅम्पियनशिपची बक्षिसं अमेरिकेच्या आणि युरोपच्या दोन्ही याद्यांत धरली जायची, म्हणून एकच माणूस दोन्ही याद्यांत वर असू शकत होता. ‘शिकागोत राहून युरोपचा पहिला’ ही टीका झाली ती त्यावरूनच. मला ती पटत नाही. वेंटवर्थ आणि कॅसल स्टुअर्ट तो युरोपातच जिंकला होता. आणि दोन्ही याद्यांत पहिला येणं त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. ऑक्टोबरात फ्लॉरिडात डिस्नेच्या स्पर्धेत अमेरिकेची यादी जिंकण्यासाठी त्याला जवळजवळ जिंकावंच लागणार होतं. शेवटच्या नऊ होलना दहाव्यापासून सलग सहा बर्डी मारून तो जिंकला. नोव्हेंबरात वडील गेले आणि काही दिवसांतच दुसरी मुलगी जन्मली. मॅकिलरॉयने डिसेंबरात हाँगकाँगला शेवटच्या होलवर बंकरमधून थेट चेंडू आत घालून स्पर्धा जिंकली आणि दुबईपर्यंत पाठलाग जिवंत ठेवला. दुबईत स्पर्धा आल्वारो किरोसने जिंकली, पण डोनल्ड तिसरा आला आणि त्याने प्रश्नच मिटवला.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं: कट चुकवायचे नाहीत, वाईट आठवड्यातही पहिल्या दहा-वीसात राहायचं, आणि चांगल्या आठवड्यात जिंकायचं. ऐकायला सोपं आहे. डोनल्डला मेजर पुढेही मिळाली नाही, हे त्याच्या कारकिर्दीतलं उणेपण आहेच. पण २०११ मध्ये तो जगातला सगळ्यात चांगला गोल्फर होता, याबद्दल मला शंका नाही. पुढच्याच वर्षी मॅकिलरॉयने दोन्ही याद्या जिंकल्या, त्यामुळे ती गोष्ट सोपी असल्याचा भास होतो.

जुन्या चित्रफिती शोधणार असाल तर वेंटवर्थचा प्लेऑफ आणि क्लार्कचा रविवार सगळेच सुचवतील. तुम्ही कॅसल स्टुअर्टच्या ६३ पासून सुरुवात करा. ड्रायव्ह सोडून दिलेत तरी चालतील; ग्रीनच्या आसपासचे डोनल्डचे फटके आणि पट (ग्रीनवरून चेंडू होलमध्ये घालायचे हलके फटके) तेवढे नीट पाहा.