आईबाबा धरणाकाठच्या घरी येतात तेव्हा

मुंबई

प्रिय,

आईबाबा मुलुंडहून स्वतःच्या गाडीने निघणार, भंडारदऱ्याला तुमच्या घरी चार दिवस राहणार आणि मग नाशिक-त्र्यंबक करून परतणार, हे वाचून फार आनंद झाला. तयारी काय करू, असं तू विचारलं आहेस. त्यांना विचारून तयारी करू नकोस, हे आधी सांगतो. उत्तर ठरलेलं असतं : "आमचं काय, आम्ही कुठेही झोपू, काहीही खाऊ." आईचा गुडघा, बाबांचं रात्री दोनदा उठणं, घाटात होणारी मळमळ, सगळं या एका वाक्याआड राहतं. मुलांच्या घरी जाताना आईवडील स्वतःची अडचण गिळतात. ती तुलाच शोधून काढायची आहे.

सुरुवात संडास-बाथरूमपासून कर. तळं, खिडकीतला देखावा, अंगणातली शेकोटी हे सगळं नंतर. टेप घे आणि कमोडची सीटपर्यंतची उंची मोज. गुडघे दुखणाऱ्या माणसाला १७ ते १९ इंच लागते. कमी भरली तर सर्जिकल सामानाच्या दुकानात सीटवर बसवायचा उंचवटा मिळतो, तो मुंबईतूनच मागव. शेजारच्या भिंतीवर जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर स्टीलचा दांडा बसवून घे. भिंत कशाची आहे ते मिस्त्रीला आधी बघायला सांग. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग भार आला की उपटून येतो, तिथे केमिकल अँकर किंवा आरपार बोल्ट लागतो. दांडा बसला की तू स्वतः त्याला लोंबकळून बघ. टॉवेलच्या रॉडला धरून उठायची सवय अनेकांना असते आणि तो रॉड दोन छोट्या स्क्रूंवर असतो. शक्य असेल तर तो काढूनच ठेव. दाराशी टाकलेलं जुन्या साडीचं पायपुसणंही उचल. ओल्या कडाप्प्यावर ते पायासकट सरकतं. खाली रबर असलेलं पातळ मॅट घाल.

माळ्यावरची खोली कितीही सुंदर असली तरी ती त्यांची नाही. त्यांना तळमजल्यावर, बाथरूमला लागून असलेली खोली दे. गादीसकट पलंगाची उंची १८ ते २० इंच असावी, म्हणजे बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतात. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा हवा, आणि तो चार्जिंगचा हवा, कारण तिकडे वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो. ओट्याच्या पायरीची कड पांढऱ्या रंगाने रंगव. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना एकाच रंगाच्या दोन पायऱ्या वेगळ्या दिसत नाहीत.

मच्छरदाणी लाव आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोच. डासांसाठी तर ती हवीच, पण सह्याद्रीच्या त्या पट्ट्यात मण्यार असते, ती रात्री फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याच्या जागी दुखतही नाही म्हणून लोक सकाळपर्यंत थांबतात आणि तिथेच घात होतो. सरपणाची मोळी आणि विटांचा ढीग घराच्या भिंतीला लावू नकोस. रात्री अंगणात उतरायचं तर टॉर्च आणि बूट, बूट झटकूनच घालायचे. चावा बसलाच तर आवळपट्टी नको, चिरा नको. हात किंवा पाय हलणार नाही असा बांधून तडक दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा. प्रतिसर्पविषाची लस जवळ कोणत्या सरकारी रुग्णालयात असते हे ते येण्याआधी स्वतः जाऊन विचारून ये आणि तिथला फोन नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटव.

आता रस्ता. बाबांची गाडी वर्षाला फार तर तीन-चार हजार किलोमीटर फिरत असणार, म्हणून टायरची नक्षी नव्यासारखी दिसेल. तिच्यावर जाऊ नका. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. असा टायर रबर कडक होऊन बारीक चिरा पडलेला असतो, आणि कमी हवेने तापला की फुटतो. समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर वेगात हे फार महागात पडतं. हवा सकाळी थंड टायरमध्ये भरायची, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच, आणि स्टेपनीतही. कमी फिरणाऱ्या गाडीची बॅटरीही तपासून घ्या.

जून २०२५ पासून भिवंडीजवळचं आमणे ते इगतपुरी हा समृद्धीचा टप्पा खुला आहे, त्यामुळे कसारा घाट टाळता येतो. भिवंडी बायपासच्या ट्रेलरांमधून आमण्यापर्यंत मात्र जावंच लागतं, म्हणून सकाळी सहाच्या आत मुलुंड सोडायचं. इगतपुरीला उतरून घोटीवरून भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावाचा रस्ता धरायचा. इगतपुरीजवळचा बोगदा सुमारे आठ किलोमीटरचा आहे. आत शिरण्याआधीच काळा चष्मा काढायचा आणि हेडलाइट लावायचे. बाबांनी फास्टॅगचा वार्षिक पास काढला असेल तर तो राष्ट्रीय महामार्गावरच चालतो. समृद्धीचे पैसे फास्टॅगमधून वेगळे कापले जातात, तेव्हा त्यात शिल्लक ठेवायला सांग. समृद्धीवर सपाट भागात मोटारीला ताशी १२० ची मुभा आहे, पण बाबांनी ९० वर समाधान मानावं.

वाटेत मुतारीची सोय नसेल म्हणून आई घरून निघतानाच पाणी बंद करते. दुपारपर्यंत डोकं दुखतं, उतरताना चक्कर येते आणि सगळे म्हणतात, प्रवास सोसला नाही. म्हणून थांबे आधी ठरव. दर दीड तासाला एक, कमोड असलेल्या स्वच्छ ठिकाणी, आणि तिथे उतरून पाच मिनिटं चालायचंच. बसून पाय सुजतात, ते चालण्याने उतरतात. ठिकाणं तू एकदा स्वतः जाता-येता बघून ठेव आणि कागदावर लिहून दे. बाबांना लघवीची गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती किती वाजता घ्यावी हे डॉक्टरांना विचारायला लाव. प्रवासाच्या भीतीने ते ती मनानेच बंद करतात आणि सांगत नाहीत. मळमळीच्या गोळीचंही तसंच. झोप आणणाऱ्या अशा गोळ्यांनी प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी तुंबू शकते, तेव्हा विचारल्याशिवाय नको. गाडी चालवणाऱ्याने तर ती घेऊच नये. मळमळणाऱ्या माणसाने पुढे बसावं, नजर लांब रस्त्यावर ठेवावी, मोबाइल बघू नये, आणि निघताना पोट रिकामंही नको, भरगच्चही नको. पोळीची एक गुंडाळी पुरते. इन्सुलिन असेल तर ते डॅशबोर्डच्या खणात ठेवायचं नाही, तिथे ते तापून वाया जातं. बर्फालाही थेट टेकवायचं नाही, कारण गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. कपड्यात गुंडाळून थंड डब्यात ठेवा.

पोचल्याच्या दिवशी काहीही ठरवू नकोस. जेवण, झोप, संध्याकाळी ओट्यावर चहा. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ सालचं आहे, ते उद्याही जागेवरच असेल. त्याच शनिवार-रविवारी मित्रांना बोलावू नकोस. मे अखेरीस काजवे बघायला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची तिकडे रीघ लागते, ते दिवसही टाळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले कामाचे वार उत्तम, मात्र जाड रजया आणि गरम पाणी हवं. मुंबईच्या अंगाला ती थंडी झेपत नाही.

पाण्याकाठी खुर्च्या मांडशील तर गवत असलेल्या पक्क्या जमिनीवर मांड. धरणाचं पाणी ओसरलं की काठ उघडा पडतो. वरून सुकून भेगाळलेला दिसतो, खाली मऊ गाळ असतो. पाय पोटरीपर्यंत रुततो आणि म्हाताऱ्या माणसाला तो ओढून काढता येत नाही, माणूसच आडवा पडतो. नातवंडांच्या मागे धावताना हेच होतं. होडीत बसायचं तर लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे बांधूनच, आणि चढउतार धक्क्यावरूनच.

आता एक नाजूक गोष्ट. ते आले की मुलांना त्यांच्यावर सोडून तुम्ही दोघं लॅपटॉप उघडाल, असं करू नका. नातवंडं त्यांना हवीच असतात, पण दिवसभर राखण हवी नसते. तितकंच वाईट म्हणजे त्यांना पाहुणे करून बसवणं. चहा, साखर, आलं, किसणी, गाळणी हे सगळं आईच्या हाताच्या उंचीवर ठेव, म्हणजे पहाटे पाचला ती तुला न उठवता चहा करेल. बाबांना खरंखुरं काम दे : कुंपणाची कडी दुरुस्त करणं, इन्व्हर्टरमधल्या बॅटरीचं पाणी बघणं. आई मसाल्याच्या बरण्या आणेल, त्या "इथे सगळं मिळतं" म्हणून परत देऊ नकोस. त्यांच्यासाठी एक फळी आधीच रिकामी कर.

परतीचा दिवस ते येण्याआधीच ठरव, आणि तो रविवार नको. इगतपुरीहून मुंबईकडे जुन्या रस्त्याने उतरणार असतील तर कसारा घाटात ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचं, दुसऱ्या किंवा तिसऱ्या. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पेडल मऊ लागायला लागतं. असं झालं तर सुरक्षित जागी थांबून अर्धा तास गाडी गार होऊ द्यायची, चाकांवर पाणी ओतायचं नाही. ऑटोमॅटिक असेल तर नुसत्या डी वर उतरू नका, खालचा गिअर लावा. हे बाबांना तू समोर बसून सांग, फोनवर सांगितलं तर "माहीत आहे रे" म्हणून ठेवून देतील.

दांडा बसवून झाला की कळव.

अनेक आशीर्वाद,
काका