निगेटिव्हचा नारिंगी रंग घालवायचा नाही, मोजायचा

सदाशिव पेठेतल्या कार्यालयातल्या मुंजीच्या रंगीत निगेटिव्ह डिजिटल कॅमेऱ्याने टिपून संगणकावर रंग उलट केल्यावर सगळं निळं दिसतं, तर नारिंगी रंग जुनेपणामुळे चढला का आणि तो धुऊन निघेल का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून धुवायला जाऊ नका. तो रंग कोऱ्या रोलमध्येही असतो, मुद्दाम घातलेला असतो. खालच्या प्लॅस्टिकचा तर तो नाहीच.

फिल्ममध्ये तयार होणारी रंगद्रव्यं शुद्ध नसतात. मॅजेंटाने (गडद गुलाबी) फक्त हिरवा प्रकाश अडवायला हवा, पण तो थोडा निळाही अडवतो. सायन (हिरवट निळा) लालबरोबर थोडा हिरवा आणि निळा खातो. कोडॅकच्या संशोधकांनी १९४० च्या दशकात यावर तोडगा काढला: मॅजेंटा तयार करणारं रसायन मुळातच पिवळट ठेवायचं, सायन तयार करणारं तांबूस. चित्राचा रंग जिथे जितका तयार होतो, तिथे रसायनाचा मूळ रंग तितकाच नाहीसा होतो. म्हणजे या उरलेल्या मूळ रंगांचा नारिंगी पडदा चित्रात सगळीकडे कमीजास्त असतो, पण पडदा आणि अशुद्धी यांची बेरीज जवळपास सारखी राहते. त्यामुळेच पूर्ण फ्रेमला एकच दुरुस्ती लागू पडते. मला या सगळ्या तंत्रातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

प्रिंटचा कागद हा नारिंगी रंग गृहीत धरूनच बनतो, त्याचा निळा प्रकाश टिपणारा थर जास्त संवेदनशील असतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरला ती सोय नाही. नारिंगीतून निळा प्रकाश लालपेक्षा दोन स्टॉपच्या आसपास (म्हणजे साधारण चौथा हिस्सा) कमी येतो, म्हणून निळ्या चॅनलमध्ये (फाइलमधल्या निळ्या रंगाच्या भागात) दाणे दिसतात. तेव्हा रॉ फाइल (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) घ्या, आयएसओ कमीत कमी ठेवा, आणि लाल चॅनल फुटणार नाही, म्हणजे कमाल आकड्याला जाऊन अडकणार नाही, इतपतच एक्स्पोजर वाढवा. निगेटिव्हच्या मागे ठेवायचं लाइट पॅनल ९५ च्या वर सीआरआय (प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) असलेलं घ्या. पूर्ण रोलला एकच मॅन्युअल एक्स्पोजर.

आता मुख्य मुद्दा. दुरुस्ती उलट करण्याच्या आधी करायची, आणि ती वजाबाकी नव्हे, भागाकार आहे. फ्रेमबाहेरच्या कोऱ्या कडेचे लाल, हिरवा, निळा आकडे घ्या आणि प्रत्येक चॅनलला त्याच्या आकड्याने भागा. कडेवर व्हाइट बॅलन्स करणं म्हणजे हेच. आधी उलट करून मग डोळ्यांनी निळा कमी करत बसलात, तर सावली सुधारते आणि उजेडाचा भाग पिवळा पडतो. डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यातल्या निगेटिव्ह उलट करणाऱ्या निगाडॉक्टर या भागात पहिलीच पायरी कडेचा रंग उचलण्याची आहे. भागून उलट केल्यावर तिन्ही चॅनलचे काळे-पांढरे बिंदू वेगवेगळे लावा, कारण फिल्मच्या तीन रंगथरांचा कॉन्ट्रास्ट सारखा नसतो. बटूचं पांढरं धोतर त्यासाठी उत्तम. कार्यालयातल्या बल्बचा पिवळेपणा मात्र फिल्मचा नाही, तो शेवटी वेगळा हाताळा.

जुन्या निगेटिव्हमधले रंग उडालेले असू शकतात, तिथे नुसती कड पुरत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात बुरशीही धरते, म्हणून पट्ट्या सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा.

निगेटिव्ह धरणाऱ्या होल्डरमुळे कड झाकली जात असेल, तर दोन फ्रेममधली फट किंवा रोलच्या टोकाचा कोरा, उजेड न लागलेला तुकडा तेवढ्याच एक्स्पोजरवर टिपा. तो त्याच रोलचा हवा. दुसऱ्या कंपनीच्या किंवा दुसऱ्या लॅबमध्ये धुतलेल्या रोलचा आकडा चालणार नाही.